देशमान्यांची माशी

चार रिटायर्ड माणसं चहाला बसली की कुणी बदल्यांचे किस्से काढतं, कुणी साहेबांचे. माझ्याकडे माश्यांचे आहेत. सुरुवातीला दोनच होते, पण सांगता सांगता एकेक आठवत गेला, आणि आता मी घरात नुसतं "आमच्या ऑफिसात एकदा..." म्हटलं तरी बायको उठून कुकर लावायला जाते! म्हणून तुम्हाला पकडलंय.

सत्तरचं दशक. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला. सोलापूरच्या बाहेर ज्वारीचं एक संशोधन केंद्र होतं, त्यात आमचा कीटक विभाग. विभाग म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, टाचणीला टोचलेल्या किड्यांच्या लाकडी पेट्या आणि डांबरगोळ्यांचा वास. काम एकच. शेतावरून किडे आणायचे आणि हा कोणत्या जातीचा ते ठरवायचं. किडा कोणता ते कळल्याशिवाय औषध कोणतं आणि पेरणी कधी, काहीच सांगता येत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण एका माशीवरून आमच्याकडे जेवढी भांडणं झाली, तेवढी भावाभावांत बांधावरून होत नाहीत!

भांडणारे दोघे. एक मी, देशमाने, बार्शीचा. दुसरा बिराजदार, अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी. दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो. तो माझ्याहून उंच, अक्षर माझ्याहून सुंदर, आणि डोळा असा की पानावर बसलेली माशी बघून नर की मादी ते सांगायचा. मी भिंग लावून दहा मिनिटांनी तेच सांगायचो. मला त्याचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, जळायचो मी! विभागात चांगला मायक्रोस्कोप एकच. संध्याकाळी घरी निघताना मी त्याच्या दोन नळ्यांमधलं अंतर हळूच बदलून ठेवायचो, म्हणजे सकाळी बिराजदारची पाच मिनिटं तरी वाया जावीत. तीन वर्षं हे केलं. त्याने एकदाही तक्रार केली नाही. त्याचाही राग यायचा.

* * *

आमचे साहेब डॉक्टर गोगटे. त्यांचं मत असं की जगात किड्यांच्या जाती आहेत त्याच जास्त झाल्या, आता नव्या नकोत. कुणी दोन वेगळे दिसणारे किडे समोर ठेवले की न बघता म्हणायचे, "व्हेरिएशन!" म्हणजे जात एकच, अंगाखांद्यात जरासा फरक.

एकदा कँटीनचा चहा बिनसाखरेचा आला. बिराजदारने कप पुढे केला. साहेबांनी घोट घेतला आणि म्हणाले, "व्हेरिएशन!"

यामागे दुखणं होतं. साहेबांनी तरुणपणी एक तुडतुडा नवी जात म्हणून जाहीर केला होता. लेख छापून आला, हारतुरे झाले. दोन वर्षांत दुसऱ्याच कुणीतरी दाखवून दिलं की हा तुडतुडा जुनाच आहे, आणि साहेबांनी ठेवलेलं नाव रद्द झालं. त्या लेखाची प्रत त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात असायची. आम्ही दोघांनी ती चोरून वाचली होती, अर्थात वेगवेगळ्या दिवशी.

बिराजदारने एकदा तोंडावरच विचारलं, "साहेब, कुणाला नवी जात सापडली तर तुम्हाला सहन होत नाही का?"

"होते की," साहेब म्हणाले. "फक्त शेजारच्या टेबलावर नको!"

* * *

आता मूळ भांडण. ज्वारी वीतभर झाली की खोडमाशी येते. पानाच्या खालच्या अंगाला अंडं घालते, अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या सुरळीत, शिरते आणि पोंगा वाळून जातो. सगळा जिल्हा तिला ओळखतो आणि शिव्या घालतो. एका रब्बीत बिराजदार म्हणायला लागला की ही एक माशी नाहीच, दोन आहेत. नराच्या पोटाच्या टोकाशी तीन पाकळ्यांसारखा बारीक अवयव असतो, त्यावरून जात ठरते. बिराजदारच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या शेतावरच्या कित्येक नरांची मधली पाकळी वेगळी होती. म्हणजे ही नवी जात, आणि तिला अजून नावच नाही!

मी म्हटलं, "एकच आहे." साहेबांनी माझी पाठ थोपटली.

खरं सांगू? फरक मलाही दिसला होता. पण तो त्याला आधी दिसला ना!

आणि प्रश्न पाकळीचा नव्हताच, नावाचा होता. नवी जात ठरली की तज्ज्ञ पुष्कळदा किडा गोळा करणाऱ्याच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून तिचं नाव ठेवतात. माणूस मेला तरी ते पुस्तकात राहतं. आमच्यासारख्या असिस्टंटच्या नशिबी दुसरं काय असणार? बिराजदारने हे गावी जाऊन वडिलांना सांगितलं. सोमवारी मला हसत हसत म्हणतो, "अप्पा काय म्हणाले माहितंय? 'नोणक्क नम्म हेसरा?' माशीला आपलं नाव? म्हणे, गावात जो तो ज्वारीत उभा राहून त्या माशीची आयमाय काढतोय, आता आपल्या घराण्याच्या नावानं काढणार व्हय?"

मीही हसलो. मनात मात्र आलं, ह्याचं घरात नावापर्यंत बोलणं झालंसुद्धा!

* * *

माश्या पकडायला सापळे लागायचे, आणि सापळ्यात आमिष म्हणून भिजवलेला मासळीचा कूट. बिराजदार पक्का शाकाहारी, कपाळावर रोज विभूती. तो नाक न मुरडता कूट कालवायचा. एकदा बार्शीकडचे सापळे आटपून आम्ही एसटीने परत येत होतो. उरलेल्या कुटाची पिशवी आमच्या पायाशी. पाच मिनिटांत पुढची दोन बाकं रिकामी झाली. कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला.

"ही पिशवी कुणाची हाय?"

मी बिराजदारकडे बोट दाखवलं! हो, दाखवलं!

कंडक्टरने त्याच्या कपाळाकडे बघितलं. "काय वो सायेब, कपाळाला इबूती आन् पिशवीत बोंबील?"

"माशीसाठी आहे," बिराजदार शांतपणे म्हणाला.

"मग माशीला घेऊन खाली उतरा की! बाकीची मानसं हायेत गाडीत!"

वैरागच्या अलीकडे आम्हाला उतरवलं. दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास लिंबाखाली बसलो.  बिराजदारने डबा उघडला, कडक भाकरी मोडली आणि शेंगाचटणी घालून अर्धी माझ्यापुढे केली. मी खाल्ली. अशा माणसाशी नीट भांडतासुद्धा येत नाही, हीच माझी तक्रार होती.

एवढं करून साहेब काय म्हणाले? "या माश्या मासळीवर आल्या हो! ज्वारीवर आलेल्या दाखवा!"

* * *

म्हणून वाळलेले पोंगे उपटून बरण्यांत ठेवायचे आणि त्यांतून माशी निघायची वाट बघायची असं ठरलं. पोंगे मोजायला काशीबाई होती, शेतावरची जुनी मजूर. एक दिवस आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे असताना ती सहज बोलून गेली.

"दोन माश्या हायेत की ह्या. येक पानाच्या मधी अंडं घालती, दुसरी पार बुडाशी. मला लई दिस झालं ठावं हाय."

बिराजदार म्हणाला, "असं का?" मी म्हटलं, "हं." दोघांनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि शेताच्या दोन कोपऱ्यांत जाऊन वह्या काढल्या.

शनिवारच्या मीटिंगमध्ये बिराजदारने अंड्यांच्या जागेवरून दोन जाती सिद्ध केल्या. मी उठून तीच अंडी, त्याच जागा सांगितल्या आणि म्हटलं की एकच मादी कुठेही अंडं घालते. साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "हे निरीक्षण मूळ कुणाचं?"

"माझं!" आम्ही एकदम म्हणालो.

साहेबांनी काशीबाईला बोलावून घेतलं. "बाई, अंडी आधी कुणी पाहिली? देशमान्यांनी की बिराजदारांनी?"

काशीबाईने पदराने तोंड पुसलं. "ह्यास्नी अंडी बगायला येळ कुटं हाय? ह्ये दोगं दिवसभर येकमेकाची वही बगत्यात की!"

* * *

नरसप्पा आमचा लॅब अटेंडंट. विणकर घरातला, आधी मागावर बसलेला, घरात तेलुगू. तुटलेला धागा जोडून सरावलेली बोटं. माशीचा तुटलेला पाय असा चिकटवायचा की भिंगाखालीही कळू नये.

एकदा बिराजदारला पेटीत एक अजब माशी दिसली. धड खोडमाशीचं, डोकं भलतंच! बिराजदार पेटी घेऊन साहेबांकडे धावला. "साहेब, ही नुसती नवी जात नाही, नवं कुळच असेल!" साहेब म्हणाले, "व्हेरिएशन!" तीन दिवस दोघं हट्टाला पेटले. मी साहेबांच्या बाजूने, हे सांगायला नकोच. चौथ्या दिवशी नरसप्पा झाडता झाडता थांबला.

"साब, ती पेटी माझ्या हातून पडली होती. दोन माश्यांची डोकी निघाली. ज्याला जे बसलं ते लावलं."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि ती दुसरी माशी कुठे आहे?"

"ती तुम्ही मागच्या महिन्यात व्हेरिएशन म्हणून फॉरेनला पाठवली ना साब!"

* * *

फॉरेनला म्हणजे एका मोठ्या म्युझियमला. तिथले तज्ज्ञ शेवटचा निकाल द्यायचे. प्रत्येक किड्याच्या टाचणीला, किड्याच्या खाली, एक इवलीशी चिठ्ठी खोचलेली असते: कुठे सापडला, कधी, कुणी गोळा केला. ही चिठ्ठी म्हणजे किड्याचा जन्मदाखला. आमच्याकडचा शिरस्ता असा की खोचलेली चिठ्ठी कुणी काढायची नाही. मत बदललं तर तिच्या खाली दुसरी खोचायची.

या चिठ्ठ्यांच्या बाबतीत बिराजदार अगदी वेडा होता. भिंगाने एकूण एक चिठ्ठी वाचल्याशिवाय पार्सल बांधायचा नाही. एकदा सात रस्त्याजवळच्या पोस्टात आम्ही पार्सल घेऊन गेलो. वर कापड शिवलेलं, लाखेचं सील लावलेलं. कारकुनाने वजन केलं आणि बिराजदार म्हणतो, "परत द्या. एक चिठ्ठी वाचायची राहिली." मागे ही रांग! त्याने तिथेच बाकावर बसून टाके उसवले, पेटी उघडली, भिंग लावलं, वाचलं, आणि कारकुनाकडूनच सुई मागून पुन्हा शिवलं.

"काय निघालं?" कारकुनाने विचारलं.

"काही नाही. बरोबर होती."

"साहेब," कारकून म्हणाला, "बायकोचं पत्र आलं तरी असंच वाचता का?"

* * *

आता माझी गोष्ट.

बिराजदारने हंगामभर बरण्या सांभाळल्या. शुक्रवार पेठेतल्या आपल्या भाड्याच्या खोलीतही चार बरण्या ठेवल्या होत्या. शेवटी ज्वारीच्याच पोंग्यांतून निघालेले बारा नर त्याने साहेबांपुढे ठेवले. साहेब कंटाळून म्हणाले, "पाठवा एकदाचे! तिकडूनच ऐकू द्या."

नेमकी त्याच वेळी त्याच्या अप्पांची तब्येत बिघडली आणि तो आठवड्याची रजा टाकून गावी गेला. साहेबांनी मला सांगितलं, "देशमाने, चिठ्ठ्या लिहा आणि पार्सल रवाना करा."

बसलो लिहायला. गाव लिहिलं, पीक लिहिलं, तारीख लिहिली. गोळा करणारा: बिराजदार. इंग्रजीत, बारीक अक्षरात. ती पहिली चिठ्ठी मी बराच वेळ हातात धरून बसलो. मग फाडली.

मनात म्हटलं, शेतात मीही होतो! कुटाची पिशवी मीही उचलली होती! गाडीतून मलाही उतरवलं होतं! आणि बाराच्या बारा चिठ्ठ्यांवर लिहिलं, गोळा करणारा: देशमाने. टाचण्यांना खोचल्या, पेटी बंद केली, नरसप्पाला म्हटलं, "बांधून पोस्टात टाक." आणि दोन दिवस बार्शीला निघून गेलो. ऑफिसात थांबून राहायची छाती नव्हती.

बिराजदार सोमवारी हजर झाला. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "पार्सल गेलं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि मायक्रोस्कोपच्या नळ्या जुळवायला लागला.

* * *

सातआठ महिन्यांनी पत्र आलं. साहेबांनी व्हरांड्यात सगळ्यांपुढे वाचलं. जात नवीन आहे. आम्ही दोघं उभेच राहिलो. पुढे लिहिलं होतं की गोळा करणाऱ्याच्या सन्मानार्थ तिचं नाव ठेवलं आहे, देशमानेई.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "देशमाने, तुम्ही तर एकच आहे म्हणत होतात!"

"अभ्यास वाढला, साहेब," मी म्हटलं.

बिराजदारने माझा हात हातात घेतला. "अभिनंदन," म्हणाला. त्या दिवशी चहाला आला नाही. मला लाज वाटली का? वाटली. पण सात रस्त्यापासून घरापर्यंत मी ते नाव स्वतःशी म्हणत गेलो, खोटं कशाला बोलू?

आठवड्याभरात ही बातमी शेतावर पोचली. काशीबाई लांबूनच ओरडली, "देशमाने सायेब, तुमची माशी लई माजलिया औंदा! आवरा की तिला!" बांधापलीकडचे शेतकरीही आता खोडमाशी म्हणेनात. देशमान्याची माशी म्हणायचे, आणि त्यापुढे जे म्हणायचे ते इथे सांगण्यासारखं नाही!

* * *

महिन्याने, शनिवारच्या मीटिंगमध्ये बिराजदार उठला. हातात स्वतःचीच जुनी वही.

"साहेब, माझी चूक झाली. पुन्हा सगळे नर तपासले. मधली पाकळी थोडीफार बदलतेच. जात एकच आहे." आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "व्हेरिएशन!"

मी ताडकन उठलो. "अजिबात नाही! दोन आहेत! एक पानाच्या मधे अंडं घालते, दुसरी बुडाशी!"

साहेबांनी बशी खाली ठेवली. त्यांना त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा तुडतुडा छापून आला तेव्हाही झाला नसेल.

मग वर्षभर तेच. तो नाव बुडवायला बसला, मी वाचवायला. आमच्या पेटीतल्या नमुन्याच्या माशीखाली मी चिठ्ठी खोचली, "देशमानेई." दुसऱ्या दिवशी तिच्याखाली त्याच्या सुंदर अक्षरात, "देशमानेई नाही." त्याखाली माझी, त्याखाली त्याची. एक दिवस नरसप्पा पेटी घेऊन साहेबांकडे गेला. "साब, आता लांब टाचण्या मागवा!"

दोघांनी लेख लिहिले आणि एकाच नियतकालिकाला पाठवले. संपादकांनी दोन्ही एकाच पाकिटातून परत केले. सोबत चार ओळी: दोन्ही लेखांतली चित्रं एकच आहेत, निष्कर्ष उलटे आहेत, तरी आधी आपसांत ठरवावं.

चित्रं अर्थातच बिराजदारची. त्याच्यासारखी पाकळी मला कधी काढता आली नाही.

* * *

मग बिराजदारची बदली झाली. नव्या जागी रुजू होण्याआधी दोन दिवस गावी जाणार होता. मी ट्रंक उचलायला म्हणून स्टँडवर गेलो. गाडी लागली. तो खिडकीशी बसला, मी खाली उभा.

"अप्पा कसे आहेत?" मी विचारलं.

"मजेत. परवाच विचारत होते, देशमान्यांची माशी यंदा कशी आहे म्हणून."

ड्रायव्हरने गाडी चालू केली. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"बिराजदार, त्या पार्सलमधल्या चिठ्ठ्या... त्यांवर माझं नाव मी मुद्दाम घातलं रे."

"माहितंय."

"नरसप्पाने सांगितलं?"

"नरसप्पाला इंग्रजी कुठं वाचता येतंय? मी रजेवरून दोन दिवस आधीच आलो होतो. तू बार्शीला होतास. पार्सल मीच बांधलं."

गाडी हलली. मी खिडकीला धरून बरोबर चालायला लागलो.

"म्हणजे... तू चिठ्ठ्या वाचल्या नाहीस?"

"बाराच्या बारा वाचल्या," बिराजदार म्हणाला, आणि आत वळून कंडक्टरला म्हणाला, "एक अक्कलकोट."